दिवाळं, दिवाळी आणि एक चांगला वकील

(मंडळाच्या सप्टेंबरमधल्या सभेत केलेल्या भाषणाचं हे लिखित रूप. बोलताना राहून गेलेल्या दोन-तीन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



लक्ष्मीपूजनाच्या अंकात दिवाळखोरीवर लिहायचं म्हणजे लग्नाच्या पंक्तीत श्राद्धाचा विषय काढण्यासारखं आहे, याची मला पूर्ण कल्पना आहे. "अरे, निदान दिवाळीत तरी नको," असं बायकोने बजावलंही होतं. पण त्या सभेनंतर पार्किंग लॉटमध्ये चार जणांनी मला वेगवेगळं गाठलं. चौघांचीही सुरुवात एकच होती: "माझ्या एका मित्रासाठी विचारायचं होतं..." संपादकांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "मग छापायलाच हवं." तेव्हा त्या चारही 'मित्रांसाठी' हे भाषण पुन्हा एकदा.

सुरुवातीलाच एक खुलासा करतो. मी वकील नाही. कॉम्प्युटर इंजिनिअर आहे, कन्सल्टिंग करतो. या विषयातलं माझं क्वालिफिकेशन एकच. ऑक्टोबर २०२४ मध्ये मी स्वतः न्यू जर्सीच्या बँकरप्सी कोर्टात चॅप्टर ७ चा अर्ज केला. हे वाक्य मंडळाच्या माईकवर म्हणायला मला जवळजवळ वर्ष लागलं. पण आता म्हणून झालंय, तेव्हा पुढे जाऊ.

थोडक्यात माझी कथा

२०१२ साली प्रोजेक्टवर इथे आलो आणि राहिलो. चारचौघांसारखंच चाललं होतं. मग एका मित्राने टेकआउट काढायचं ठरवलं. काम तो करणार, मी फक्त पैसे घालणारा भागीदार. कंपनी एलएलसी होती, त्यामुळे बुडालीच तर कंपनी बुडेल, आपण सुरक्षित, असा माझा समज. पण जागेच्या भाडेकरारावर आणि किचनच्या सामानाच्या कर्जावर माझी 'पर्सनल गॅरंटी' होती. पंचवीस पानी करारातलं ते एक पान मी सही करताना वाचलंही नव्हतं. दुसऱ्याच्या कोडमध्ये अल्पविराम चुकला तर पकडणारा माणूस मी!

जानेवारी २०२३ मध्ये माझी नोकरी गेली. जूनमध्ये टेकआउट बंद पडलं. मध्यंतरीच्या काळात धंद्याची बिलं माझ्या क्रेडिट कार्डांवर जात होती. आणि मग, कोणालाही न विचारता, मी दोन गोष्टी केल्या. एक, ४०१ (के) मधून चाळीस हजार डॉलर काढून कार्डांची बिलं भरली. दोन, मेव्हण्याकडून घेतलेले अठरा हजार डॉलर सप्टेंबरमध्ये त्याला परत केले. बँक थांबेल, पण घरच्यांचे पैसे आधी दिले पाहिजेत, हा आपला संस्कार. या दोन्ही गोष्टी मी चांगल्या मनाने केल्या. दोन्ही चुकल्या. का ते पुढे सांगतो.

नोव्हेंबरमध्ये कमी रेटवर एक कॉन्ट्रॅक्ट मिळालं. फेब्रुवारी २०२४ मध्ये दारावर समन्स आलं. तेव्हा कुठे मी वकील शोधायला लागलो.

बँकरप्सी म्हणजे नक्की काय?

आपल्याकडे 'दिवाळखोर' ही शिवी आहे. 'नादारी' हा शब्द मात्र आपण शाळेत ऐकलेला असतो. फी माफ व्हायची तिला नादारी म्हणत. इथला कायदा या दुसऱ्या शब्दाच्या जवळचा आहे. प्रामाणिक पण अडकलेल्या माणसाला पुन्हा उभं राहू द्यावं, हा त्यामागचा विचार आहे.

सामान्य माणसाच्या उपयोगाचे प्रकार मुख्यतः दोन. चॅप्टर ७ मध्ये केससाठी नेमलेला ट्रस्टी तुमची मालमत्ता तपासतो. कायद्याने राखून दिलेली मालमत्ता, म्हणजे 'एक्झेम्प्शन', सोडून बाकी काही असेल तर ते विकून घेणेकऱ्यांना, म्हणजे ज्यांचं तुम्ही देणं लागता त्यांना, वाटतो आणि उरलेलं बरंचसं कर्ज माफ होतं. या माफीला 'डिस्चार्ज' म्हणतात. चॅप्टर १३ मध्ये मालमत्ता तुमच्याकडेच राहते, पण तीन ते पाच वर्षं उत्पन्नातून ठरलेला हप्ता भरायचा. घराचे हप्ते थकलेत आणि घर वाचवायचं आहे, अशांना बहुधा चॅप्टर १३ सुचवतात.

अर्ज दाखल झाल्याक्षणी 'ऑटोमॅटिक स्टे' लागू होतो. वसुलीचे फोन, दावे, पगारातून होणारी कपात, सगळं तिथल्या तिथे थांबवावं लागतं. माझ्या बायकोला फोनची रिंग वाजली की धस्स व्हायचं. अर्जानंतरच्या आठवड्यात फोन वाजला तो तिच्या आईचा होता!

सगळी देणी मात्र माफ होत नाहीत. मुलांची पोटगी, घटस्फोटातली पोटगी, अलीकडच्या वर्षांचा इन्कम टॅक्स, फसवणूक करून घेतलेलं कर्ज आणि अगदी मोजके अपवाद सोडले तर स्टुडंट लोन, ही डोक्यावर राहतात.

वकील कधी गाठायचा?

माझं उत्तर: तुम्हाला वाटतं त्याच्या सहा महिने आधी. 'गेलो म्हणजे अर्ज करावाच लागेल' असं नसतं. चांगला वकील अनेकदा "तुम्हाला याची गरज नाही" असंही सांगतो.

उशिराची किंमत मी मोजली. ४०१ (के) ची रक्कम कायद्याने संरक्षित असते. बँकरप्सीतही घेणेकऱ्यांना तिला हात लावता येत नाही. म्हणजे जे पैसे कोणीच नेऊ शकत नव्हतं, ते मी स्वतःच काढून, त्यावर टॅक्स आणि दहा टक्के दंड भरून, शेवटी माफच झालं असतं अशा कर्जात घातले. वकीलबाईंनी हे मला शांतपणे समजावलं, तेव्हा मी पाच मिनिटं काही बोलू शकलो नाही.

आणखी एक. समन्स आलं तर ते ड्रॉवरमध्ये ठेवू नका. उत्तराला मुदत असते. न्यू जर्सीच्या सुपिरियर कोर्टात सर्वसाधारणपणे ३५ दिवस. ती चुकली की समोरच्याला तुमची बाजू न ऐकताच निकाल मिळू शकतो, आणि मग पगारावर टाच.

वकील शोधायचा कुठे?

मी तीन ठिकाणी गेलो.

पहिलं ऑफिस एका ओळखीच्याने सुचवलेलं. फी सगळ्यात कमी. समोर बसलेले गृहस्थ वकील नव्हतेच, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. वकील नसलेल्या माणसाला पैसे घेऊन फॉर्म टाइप करून देता येतात, पण कायद्याचा सल्ला देता येत नाही. या गृहस्थांनी मात्र पहिल्या दहा मिनिटांत सल्ला दिला: "पुण्यात फ्लॅट आहे? इंडियातलं इथे कोण बघतंय? लिहूच नका." खरं सांगतो, त्या वेळी मला ते ऐकून बरं वाटलं होतं.

दुसरे खरे वकील होते, पण घाईतले. वीस मिनिटांत त्यांनी माझा कॉन्ट्रॅक्टचा रेट विचारला आणि म्हणाले, "तुमचं उत्पन्न जास्त आहे, चॅप्टर १३, पाच वर्षं." सही करायला कागद पुढे.

तिसऱ्या वकीलबाई. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "हे कर्ज कशासाठी झालं?" मी सांगितलं. कार्डांवरच्या रकमा, भाड्याची गॅरंटी, किचनचं सामान, सगळं त्यांनी मांडून पाहिलं. मग म्हणाल्या, "तुमचं बहुतेक कर्ज धंद्याचं आहे. मीन्स टेस्ट तुम्हाला लागूच होत नाही."

ही मीन्स टेस्ट म्हणजे काय? २००५ साली कायदा कडक झाला. तेव्हापासून ज्यांचं कर्ज मुख्यतः घरगुती खर्चाचं आहे त्यांच्या उत्पन्नाची चाचणी होते. अर्जाआधीच्या सहा पूर्ण महिन्यांचं उत्पन्न घेतात आणि तुमच्या राज्यातल्या तेवढ्याच माणसांच्या कुटुंबाच्या मध्यम उत्पन्नाशी ताडून बघतात. ते जास्त निघालं तर पुढचं गणित मांडावं लागतं, आणि त्यातही बसला नाहीत तर चॅप्टर ७ बहुधा मिळत नाही. सहाच महिने बघतात म्हणून नोकरी गेलेल्यांच्या बाबतीत अर्जाची तारीख महत्त्वाची ठरते. धंद्याचं कर्ज जास्त असेल तर मात्र ही चाचणी नाही. त्या एका प्रश्नाने माझी पाच वर्षं वाचली. माझा त्यातून निघालेला नियम असा: जो पहिल्या भेटीत जास्त उत्तरं देतो तो नव्हे, जो जास्त प्रश्न विचारतो तो वकील निवडा.

नावं मिळवायची कशी? आपल्या काउंटीच्या किंवा राज्याच्या बार असोसिएशनची रेफरल सेवा असते. ग्राहकांच्या बाजूने बँकरप्सी करणाऱ्या वकिलांची राष्ट्रीय संघटना आहे, तिच्या सदस्यांची यादी बघता येते. तुमचा टॅक्स करणारा सीपीए किंवा इमिग्रेशनचा वकीलही नाव सुचवू शकतो. उत्पन्न फारच कमी असेल तर लीगल एडकडे विचारा. नाव मिळालं की लायसन्स चालू आहे का, शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का, हे तपासा. ग्रोसरी स्टोअरमधल्या आंब्याची पेटी उघडून बघणारे आपण, वकील मात्र न तपासता घेतो.

"आपल्यातलाच वकील बघू का? की नकोच, गावभर होईल?" हा प्रश्न मला हमखास विचारतात. वकील कुठलाही असो, तुम्ही सल्ल्यासाठी जे सांगता ते गुप्त ठेवणं त्याला बंधनकारक आहे. त्याला नेमलं नाही तरीही. अर्ज मात्र सार्वजनिक रेकॉर्ड असतो, हे खरं. पण कोर्टाच्या साइटवर खातं उघडून, पानामागे दहा सेंट भरून आपला अर्ज वाचत बसणारा माणूस मंडळात असेल, तर त्याला आधी अंकाचं प्रूफरीडिंग द्या!

पहिल्या भेटीत विचारायचे प्रश्न

आम्ही आयटीवाले वेंडर निवडताना शंभर प्रश्न विचारतो. इथे पाच पुरेत.

एक: तुम्ही मुख्यतः हेच काम करता का, आणि याच कोर्टात? आपल्या न्यू जर्सीत नेवार्क, ट्रेंटन आणि कॅम्डेन इथे बँकरप्सी कोर्ट बसतं. कायदा सगळ्या देशाचा असला तरी ट्रस्टी आणि कोर्टाचे रिवाज स्थानिक असतात.

दोन: माझ्यासाठी कुठला चॅप्टर, आणि का? बँकरप्सी न करता दुसरा काही मार्ग आहे का? 'का' चं उत्तर तुम्हाला समजेल अशा भाषेत मिळालं पाहिजे.

तीन: बैठकीला माझ्याबरोबर कोण असेल, तुम्ही स्वतः की ऐन वेळी कोणी तरी दुसरं? फोनला उत्तर कोण देणार, आणि किती दिवसांत?

चार: फी किती, आणि तिच्यात काय काय धरलंय? अर्जात नंतर दुरुस्ती करावी लागली तर? कोणी कोर्टात हरकत घेऊन दावा लावला तर? हे शेवटचं काम बहुधा वेगळ्या फीचं असतं.

पाच, खास आपल्यासाठी: परदेशात मालमत्ता असलेल्यांच्या केसेस केल्या आहेत का?

फीबद्दल थोडं. मला तिघांनी सांगितलेले आकडे १,२०० पासून ३,५०० डॉलरपर्यंत होते. कोर्टाची फी वेगळी, ती साधारण तीनशे-साडेतीनशे डॉलर. चॅप्टर ७ ची फी वकील सहसा अर्जाआधीच पूर्ण घेतात. हा लोभ नाही. अर्जाच्या वेळी बाकी राहिलेली फीसुद्धा इतर कर्जासारखी माफ होऊ शकते! चॅप्टर १३ मध्ये फीचा काही भाग हप्त्यांतून जाऊ शकतो. करार लेखी हवा. तो द्यावा असं कायदाच सांगतो. वकिलाने किती फी घेतली हे कोर्टाला कळवावं लागतं, आणि ती अवाजवी वाटली तर कोर्ट परत करायला लावू शकतं.

कोणी "कार्डावर नवं कर्ज काढा आणि माझी फी भरा" असं म्हणालं, तर तिथूनच उठा. असा सल्ला द्यायला कायद्यानेच बंदी आहे. "शंभर टक्के गॅरंटी" म्हणणारा, टॅक्स रिटर्न न मागणारा, आणि "हे लिहू नका" म्हणणारा, या तिघांपासूनही लांब राहा.

वकिलाबरोबर काम करताना

इथून पुढचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. चांगला वकील मिळाला तरी त्याला खरी माहिती द्यायचं काम आपलंच असतं. आमच्या धंद्यात म्हणतात, कचरा आत गेला तर कचराच बाहेर येतो.

कागद सगळे एका वेळी, नावं घालून द्या. दोन-तीन वर्षांचे टॅक्स रिटर्न, सहा महिन्यांच्या पे स्लिपा, बँक स्टेटमेंटं, गाडीचे आणि घराचे कागद, आलेली समन्स. तिन्ही क्रेडिट रिपोर्ट आता दर आठवड्याला फुकट मिळतात, ते काढून घ्या. विसरलेली देणी त्यात सापडतात. अर्जाआधीच्या १८० दिवसांत मान्यताप्राप्त संस्थेकडून क्रेडिट काउन्सेलिंग घ्यावं लागतं, आणि अर्जानंतर पैशाच्या व्यवस्थापनाचा एक छोटा कोर्स. दोन्ही ऑनलाइन होतात.

आता भारताबद्दल. कायद्यात मालमत्ता म्हणजे 'जिथे कुठे असेल तिथली'. पुण्यातला फ्लॅट, आजोबांच्या सातबाऱ्यावर लागलेलं नाव, एनआरओ खातं, मुदत ठेव, पीपीएफ, एलआयसीची पॉलिसी, डीमॅट, सगळं लिहायचं. कोणाच्या तरी खात्यात 'नुसतं नाव' असेल तरी सांगायचं. अर्जानंतर १८० दिवसांच्या आत वारसाहक्काने काही मिळालं, तर तेही कळवावं लागतं. परदेशातल्या खात्यांत मिळून वर्षात कधीही दहा हजार डॉलरपेक्षा जास्त असतील तर त्याचा वेगळा रिपोर्ट, एफबार, दरवर्षी भरायचा असतो. तो राहून गेला असेल, तर बँकरप्सीचा अर्ज करण्याआधी वकिलाला सांगा.

आणि सोनं! न्यू जर्सीत राहणाऱ्याला केंद्राची एक्झेम्प्शनची यादी निवडता येते. तिच्यात दागिन्यांसाठी १ एप्रिल २०२५ पासून माणशी २,१२५ डॉलर आहेत. आपल्या लग्नातल्या एका हाताच्या बांगड्याही त्यात बसायच्या नाहीत. यादीत कशालाही वापरता येईल अशी थोडी जास्तीची सूट असते, ती जोडता येते. दागिने नक्की कोणाचे, बायको अर्जात आहे की नाही, हे सगळे प्रश्न येतात. पण ते वकिलाने सोडवायचे. आपण फक्त लॉकर उघडून यादी करायची. आईकडे पाठवून द्यायचं नाही.

कारण लपवलं तर काय? अर्जावरची सही शपथेवर असते. मालमत्ता लपवणं हा फेडरल गुन्हा आहे. पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. माफी नाकारली जाते, मिळालेली असली तर काढून घेतली जाऊ शकते. आणि व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असलेल्याला अशा गुन्ह्याचा अर्थ काय, हे मी सांगायला नको. तसं बघितलं तर बँकरप्सीचा अर्ज करायला नागरिकत्व लागत नाही, आणि नुसता अर्ज केला म्हणून स्टेटस जात नाही. धोका असतो तो खोटं बोलण्याचा.

आता माझ्या मेव्हण्याचे अठरा हजार. अर्जाआधीच्या एका वर्षात जवळच्या नातेवाइकाचं कर्ज फेडलं असेल, तर ट्रस्टी ते पैसे त्या नातेवाइकाकडून परत मागू शकतो. इतर घेणेकऱ्यांच्या बाबतीत ही मुदत ९० दिवसांची. कायद्याचं म्हणणं असं की सगळ्यांना सारखं वागवा. बँकेला ठेंगा आणि मेव्हण्याला पूर्ण, हे चालणार नाही. वकीलबाईंना मी हे सांगितलंच नव्हतं. महत्त्वाचं वाटलंच नाही. तिसऱ्या भेटीत बँक स्टेटमेंटवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हे कोण?" आम्ही त्याच आठवड्यात अर्ज करणार होतो. तसा केला असता, तर माझ्या मेव्हण्याला, ज्याने अडचणीत मदत केली त्याला, ट्रस्टीचं पत्र गेलं असतं. त्यांनी दोन्ही पर्याय समजावले. मग दाव्याला उत्तर दाखल करून आम्ही वर्ष उलटेपर्यंत थांबलो. सप्टेंबर संपल्यावर ऑक्टोबरमध्ये अर्ज.

कोणी जामीन असेल तर तेही आधीच सांगा. तुमचं कर्ज माफ झालं तरी चॅप्टर ७ मध्ये जामीनदार सुटत नाही. घर भावाच्या नावावर करणं, गाडी मित्राला 'विकणं' असले उद्योगही करू नका. निदान मागच्या दोन वर्षांतले असे व्यवहार उलटवता येतात, आणि राज्याचा कायदा त्याहून मागे जाऊ शकतो. अर्जाच्या तोंडावर कार्डांवर चैन करणाऱ्यालाही ते कर्ज माफ होईलच असं नाही.

आणि वकील सारखे तेच प्रश्न विचारतो म्हणून रागावू नका. चॅप्टर ७ च्या अर्जावर त्याचीही सही असते, आणि आपण वाजवी चौकशी केली आहे हे तो त्या सहीने कोर्टाला सांगत असतो. न विचारणारा वकील तुमच्यावर विश्वास ठेवत नसतो. तो फक्त काम उरकत असतो.

बाबांना फोन

राहता राहिला पुण्यातला फ्लॅट. तो बाबांनी २०१६ मध्ये निवृत्तीच्या पैशांतून घेतला. पुढे त्रास नको म्हणून माझं नाव दुसरं घातलं. माझा एक पैसा त्यात नाही. पण कागदावर मी मालक. वकीलबाई म्हणाल्या, "पैसे वडिलांचेच होते, हे दाखवणारे कागद हवेत. खरेदीखत, इंडेक्स टू, बँकेच्या नोंदी."

म्हणजे बाबांना सांगायला हवं. मंडळी, समन्सला मी घाबरलो नाही इतका त्या फोनला घाबरलो. बाबा बँकेत कारकून होते. आयुष्यात कोणाचे पाच रुपये ठेवले नाहीत. त्यांना मी काय सांगू? "तुमच्या मुलाचं अमेरिकेत दिवाळं निघालंय, आणि त्यात तुमचा फ्लॅट लिहावा लागतोय"? तेव्हा मला त्या पहिल्या गृहस्थांचा सल्ला फार आठवला. लिहूच नका. कोण बघतंय? दोन रात्री मी त्यावर विचार केला, हे आज प्रामाणिकपणे कबूल करतो.

तिसऱ्या दिवशी फोन केला. सगळं सांगितलं. पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग बाबा म्हणाले, "पासबुकाच्या नोंदी दाखवल्या तर चालतील ना? २०१६ ची पासबुकं मी जपून ठेवली आहेत." एवढंच. चार दिवसांत आईच्या फोनवरून चाळीस फोटो आले, प्रत्येक पानावर बाबांच्या अक्षरात क्रमांक. शेवटच्या फोटोखाली लिहिलं होतं, "काही लपवू नकोस. आपलं काही गेलं तरी चालेल."

नोव्हेंबरमध्ये ट्रस्टीबरोबरची बैठक झाली. तिला ३४१ मीटिंग म्हणतात, आणि आता ती बहुधा झूमवर होते. जज्ज नसतात. ओळखपत्र, शपथ आणि प्रश्न. बहुतेकांची दहा मिनिटांत संपते. माझी लांबली. ट्रस्टीने फ्लॅटचे आणखी कागद मागितले आणि बैठक तीन आठवडे पुढे ढकलली. वकीलबाईंनी बाबांची ती क्रमांक घातलेली पानं भाषांतरासह दिली. शेवटी घेणेकऱ्यांना वाटण्यासारखी मालमत्ता नाही, असा अहवाल ट्रस्टीने दिला. त्यानंतर डिस्चार्जचा आदेश आला: एक-दोन पानांचा, साधा कागद. माझ्या बाबतीत असं झालं म्हणून तुमच्याही होईल असं समजू नका. फ्लॅट तुमच्याच पैशांतला असेल तर उत्तर वेगळं येईल. म्हणूनच तर वकील.

त्यानंतर

चॅप्टर ७ ची नोंद क्रेडिट रिपोर्टवर अर्जापासून दहा वर्षं राहू शकते. पुन्हा चॅप्टर ७ ची माफी हवी असेल तर आठ वर्षं थांबावं लागतं. नुसता अर्ज केला म्हणून आहे ती नोकरी काढून घेता येत नाही, असा कायदा आहे. पण नवी नोकरी देताना खासगी कंपनीवर हे बंधन नाही, असं आपल्या भागाच्या फेडरल अपील कोर्टाने २०१० मध्ये म्हटलंय. आम्हा कन्सल्टंट मंडळींना दर प्रोजेक्टला बॅकग्राउंड चेक असतो, तेव्हा हेही वकिलाला आधी विचारून घ्या. मला एका क्लायंटने नाकारलं. दुसऱ्याने विचारलं, मी खरं सांगितलं, काम मिळालं.

शेवटी एवढंच सांगतो. चांगला वकील तुमचं कर्ज जादूने नाहीसं करत नाही. जे सांगायची तुम्हाला लाज वाटते, ते तो वेळेवर तुमच्याकडून काढून घेतो, आणि कायद्यात त्याची जागा कुठे आहे ते दाखवतो. त्याला सगळं सांगा. पहिल्याच भेटीत सांगा. आणि घरच्यांपैकी निदान एकाला तरी सांगा.

माझ्या त्या चार 'मित्रांना' सांगतो, मंडळाच्या यादीत माझा नंबर आहे. फोन करा. सल्ला मी देऊ शकत नाही, पण वकिलाच्या ऑफिसबाहेरच्या खुर्चीवर तुमच्या शेजारी बसायला नक्की येईन. मीही तिथे बसलो आहे, आणि एकटाच बसलो होतो.

सर्वांना दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा!